मागच्या खोलीतलं सामान

दुपारी नानांचं घोरणं सुरू झालं तशी थोरलीनं मागच्या खोलीची कडी हलकेच काढली. सासऱ्यांचं हे घोरणं म्हणजे घरातलं सगळ्यात भरवशाचं घड्याळ. एकदा लागलं की बाहेर बँड वाजला तरी चहाच्या वेळेपर्यंत नाना उठायचे नाहीत. तेवढ्या वेळात काम उरकून मोकळं व्हायचं, असं थोरलीनं, तिच्या नवऱ्यानं आणि धाकट्या दिरानं मिळून ठरवलं होतं. नानांच्या धाकट्या बहिणीला, आत्याबाईंना, मात्र यातलं अवाक्षर कळू द्यायचं नव्हतं, आणि त्याच आत्याबाई सकाळपासून पुढच्या खोलीत खुर्चीवर पाय वर घेऊन ठाण मांडून बसल्या होत्या.

"कुणी सांगितलं त्यांना?" थोरलीनं नवऱ्याला कुजबुजत विचारलं.

नवरा शाळेत भूमिती शिकवायचा. घरीदारी सगळे त्याला मास्तरच म्हणत. मास्तर छताकडे बघू लागला. "मी काही सांगितलं नाही. फक्त एवढंच म्हटलं, की आत्या, आज येऊ नकोस."

"झालं! म्हणजे आमंत्रणच दिलंत."

मागच्या खोलीत सामान होतं. या घरात नुसतं सामान म्हटलं तरी तेच समजायचं. नानांच्या वडिलांनी कातडं शिवायचं एक जंगी यंत्र बोटीनं मागवलं होतं. त्यावर आधी खोगिरं शिवली, मग प्रवासी ट्रंका, मग पट्टे आणि पिशव्या. दोन पिढ्यांनी त्यावर पोट भरलं. पुढे दुकान बंद पडलं, आणि दुसऱ्यांदा घर बदलताना हमालांच्या हातून यंत्र निसटून त्याचा बिडाचा हात मोडला. यंत्र भंगारात गेलं, पण त्याचा संसार मागे राहिला. कातडं दाबून धरणारे लोखंडी पाय, आत दोरा भरायचे होडीच्या आकाराचे धोटे, जाडजूड सुयांची कातडी गुंडाळी, धागा मेणातून काढायचं तांब्याचं भांडं, पायडलची चौकट, चाकावरचे कातडी पट्टे, आणि हे सगळं ठेवायची कातड्यानं मढवलेली पेटी, जी रिकामी असली तरी दोघांना उचलत नसे.

हे सामान तीन घरं फिरलं. दर वेळी मास्तरची कंबर धरायची, धाकटा शिव्या घालायचा, आणि दर वेळी सामानाला एक अख्खी खोली मिळायची. नानांचा जीव होता त्यात. हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण दिसत होतं ना! यंत्र मोडलं त्या रात्री नाना जेवले नव्हते. रोज सकाळी ते चहाचा कप घेऊन त्या खोलीत जायचे, दार लावून घ्यायचे आणि बऱ्याच वेळानं शांत चेहऱ्यानं बाहेर यायचे. आतून अधूनमधून तेलाच्या डबीचा टकटक आवाज यायचा. तेवढ्या वेळात मिक्सरसुद्धा लावायचा नाही, असा नियम थोरलीनं आपणहून घालून घेतला होता.

आणि आता तिलाच ती खोली हवी होती. तिच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ते जुळलं, पण जिने चढायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई बिचारी आजवर कधी मुलाकडे, कधी पुतण्याकडे, कधी भाचीकडे अशी चेंडूसारखी फिरत राहिली होती, आणि नशीब असं की सगळ्यांची बिऱ्हाडं वरच्या मजल्यांवर. मुलानं तर आता एका आश्रमाचं नावही काढलं होतं. थोरलीकडे तळमजला होता, खोलीला लागून न्हाणीघर होतं, खिडकीत ऊन यायचं. आईची खाट तिथे मावायची तर सामान निघायला हवं होतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासरी तिनं स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं. हेही तिनं नानांकडे मागितलं नाही. धीरच झाला नाही तिचा. ती नवऱ्याशी बोलली, नवरा भावाशी बोलला, आणि भावानं जुन्या यंत्रांचे सुटे भाग विकत घेणारा एक पारखी शोधून काढला.

"नानांना काय सांगायचं?" तिनं तेव्हा विचारलं होतं.

"एकदा गेलं की सांगू," धाकटा म्हणाला होता. तो बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि जगातल्या सगळ्या अडचणींकडे त्याच नजरेनं बघायचा. "मधेच अडकून राहण्यात हाल असतात वहिनी. खाली पोचलं की माणूस मुकाट्यानं बाहेर पडतो."

पारख्यानं फोनवर ताकीद दिली होती, की घासूनपुसून लख्ख करू नका. धूळ काढा, बुरशी काढा, बाकीचं मी बघतो. म्हणून गेले काही दिवस नाना झोपले की तिघं ब्रश आणि फडकी घेऊन त्या खोलीत शिरत होती. आजचा शेवटचा हात. थोरलीनं पेटीच्या झाकणावरची पांढरी बुरशी कोरड्या ब्रशानं झाडायला घेतली, मास्तर सुया मोजायला बसला, आणि धाकट्यानं खिशातून काहीतरी काढून एका लोखंडी पायावर खसाखसा घासायला सुरुवात केली.

"चाललंय काय?" दारात आत्याबाई उभ्या होत्या.

"साफसफाई, आत्या," मास्तर म्हणाला.

"मला शिकवतोस? ही साफसफाई नव्हे, ही पाठवणीची तयारी आहे. कुणाला देताय?"

काल रात्री "मी आहे ना, तू कशाला काळजी करतेस" असं म्हणणारा मास्तर घसा खाकरून म्हणाला, "तसं काही नाही गं. हीच म्हणत होती, की खोली जरा..."

थोरलीनं नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्याचं पुढचं वाक्य घशातच राहिलं. रात्री सिंह आणि दिवसा ससा, हे मास्तरचं नेहमीचंच होतं. मग तिनंच सरळ सांगून टाकलं. आईचं, खोलीचं, पारख्याचं, सगळं.

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं थोरले, तुझी आई येऊ दे, नाही कोण म्हणतंय? पुढच्या खोलीत पडदा लावा आणि झोपवा तिला. पण हे? दादाच्या काळजाला हात घालताय तुम्ही! मी मरेपर्यंत हे इथून हलू... अरे मेल्या, ते काय आहे तुझ्या हातात?"

"पॉलिश पेपर," धाकटा म्हणाला.

"पॉलिश पेपर! तुझ्या सात पिढ्यांत कुणी लावला होता याला? आण इकडे." आत्याबाईंनी तो पाय त्याच्या हातातून हिसकावून घेतला आणि गुडघे दुखतात वगैरे सगळं विसरून फतकल मारून खाली बसल्या. "कढत पाणी आणा. जुनं मऊ फडकं आणा. लहानपणी हेच काम होतं माझ्याकडे. फडकं पिळायचं, गरम गरम वर धरायचं, मेण मऊ पडलं की नखानं ढकलायचं. खरवडायचं नाही. आणि तो पट्टा उन्हात कुणी टाकलाय? वाळवण घातलंय का? सावलीत घ्या तो आधी. तडकला म्हणजे?"

"पण आत्या, विकायचं नाही ना?" धाकट्यानं साळसूदपणे विचारलं.

"नाहीच विकायचं. पण चारचौघांना दाखवण्यासारखं तरी करा. लाज आणाल घराण्याला."

थोरलीनं मुकाट्यानं कढत पाणी आणून दिलं. आत्याबाईंच्या नखाखालून जुनं काळं मेण गोळ्या गोळ्या होऊन निघत होतं, आणि खालून गडद, गुळगुळीत लोखंड दिसत होतं. त्याला चकाकी नव्हती, पण बघत राहावंसं वाटत होतं. पट्ट्यांवरून त्यांनी जेमतेम ओलं फडकं फिरवलं, लगेच कोरडं फिरवलं आणि मेणाचा इतका पातळ हात दिला की लावलंय की नाही ते कळू नये. काम करताना त्या भांडत होत्या, पण हात थांबत नव्हता.

पारखी आला तेव्हा त्याला चपलांबरोबर आवाजही बाहेरच ठेवायला सांगितलं. मध्यम वयाचा, किडकिडीत, डोळ्याला भिंग लावून बघणारा माणूस. कारण विचारायच्या भानगडीत न पडता तोही कुजबुजू लागला. त्यानं सतरंजीवर पांढरी चादर अंथरली आणि एकेक वस्तू उचलून बघितली. पट्टा बोटाभोवती वळवून कानाशी नेला.

"याला कुणीतरी तेल देतंय. नेमानं देतंय."

"आमचे वडील," मास्तर म्हणाला.

"हात फार चांगला आहे. जास्त दिलं तर कातडं सैल पडतं, कमी दिलं तर तडे जातात. असे पट्टे आता बघायला मिळत नाहीत."

"आमचा दादा," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी मान ताठ केली.

पारख्यानं चादरीवर वेगवेगळे ढीग केले. हे संग्रह करणाऱ्यांना जाईल, हे अजून कातडं शिवणाऱ्या कारागिरांना उपयोगी पडेल, चौकटीचं लोक टेबल करतात. एक धोटा चेपलेला होता, तो बाजूला गेला. लोखंडी पाय एकूणएक जागेवर होते, म्हणून त्यांची किंमत चढली. पॉलिश पेपर लागलेल्या पायावरचा ओरखडा त्यानं बघितला आणि नुसता उसासा टाकला. धाकटा खिडकीबाहेर बघू लागला. शेवटी पारख्यानं पेटीची किंमत सांगितली.

"एवढीच?" आत्याबाई कुजबुजल्या. कुजबुजून भांडणं किती अवघड असतं ते त्यांच्या लाल झालेल्या चेहऱ्यावर दिसत होतं. "टाके बघा जरा! एका इंचात किती बसलेत बघा! अशी पेटी फुकट न्यायला आलात का?"

विक्री मोडायला आलेल्या आत्याबाई आता भाव वाढवून घेत होत्या. मास्तरनं बायकोकडे बघून डोळे मिचकावले. थोरलीला मात्र हसू येईना. सगळं जरा जास्तच सुरळीत चाललं होतं.

पेटीच्या तळाशी एक वस्तू उरली. कातड्याचे तुकडे एकावर एक चिकटवून केलेला वीतभर जाडीचा ठोकळा, त्याला दोन पट्टे आणि दोन बकला. पारख्यानं तो उलटासुलटा केला. "हे काय आहे?"

"कातडं ठोकायला असेल," आत्याबाई म्हणाल्या.

"मग वर खड्डे पडले असते ना हातोडीचे. इथे नुसतं झिजलंय. आणि पट्टे कशाला?" त्यानं भिंग लावलं. "अशा यंत्रांबरोबर मी हे कधी पाहिलं नाही. वडिलांना माहीत असेल. ते कुठे आहेत?"

पलीकडून घोरणं ऐकू येत होतं.

"काही हरकत नाही," पारखी म्हणाला. "हे राहू द्या, बाकीचं मी आत्ताच गाडीत टाकतो. फक्त एक विचारतो, राग मानू नका. मालक कोण? त्यांची संमती आहे ना?"

"आहे," मास्तर म्हणाला. पण 'आहे' म्हणताना तो जमिनीकडे बघत होता.

थोरली उठली.

"कुठे चाललीस?" मास्तरनं विचारलं.

"नानांना उठवायला."

"वेड लागलंय का तुला?"

"वहिनी, अहो, पाच मिनिटांचं काम राहिलंय!" धाकट्यानं तिची वाट अडवली. "आता कशाला?"

"त्यांच्या झोपेत त्यांची खोली रिकामी करून तिथे माझ्या आईला झोपवू?" थोरलीनं त्याच्याकडे रोखून बघत विचारलं. "ती रोज सकाळी नानांचं तोंड बघणार. मला नाही जमणार हे, भाऊजी. ते नाही म्हणाले तर नाही. मग मी बघेन काय करायचं ते."

"जाऊ दे तिला," आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांनीच धाकट्याला दंडाला धरून बाजूला केलं.

मास्तरचे कान लाल झाले होते. "थांब, मी येतो."

"नको. मागणं माझं आहे."

नानांच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. तिनं त्यांच्या पायाला हात लावला तेव्हा ते दचकून उठले. पुढचं मागचं न बघता तिनं एका दमात सगळं सांगितलं. आईचा खुबा, जिने, आश्रमाचं नाव, पारखी, गेले काही दिवस तुम्ही झोपलात की आम्ही काय करत होतो ते. "चुकलं आमचं, नाना. तुमचा जीव आहे त्या सामानात, माहीत आहे मला. तुम्ही नाही म्हणा, मी पुन्हा विषय काढणार नाही."

नाना उशीजवळ चष्मा चाचपत राहिले. तो सापडला, डोळ्यांवर चढला, आणि त्यांनी सुनेकडे नीट निरखून बघितलं.

"घेणारा आलाय? खरोखर?"

"हो."

"मग त्याला बसवलंय ना? गेला तर नाही?"

आणि नाना अनवाणीच तरातरा मागच्या खोलीकडे निघाले. थोरली त्यांच्या मागे धावली.

दारात नानांना बघून मास्तर, धाकटा आणि आत्याबाई चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. नानांचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी चादरीवरचे ढीग बघितले आणि वाकून तो ठोकळा उचलला.

"हे अजून आहे होय?"

"काय आहे ते, दादा?"

नाना पेटीवर बसले. "तू पाळण्यात होतीस तेव्हा. मला यंत्रावर बसवलं, तर माझे पाय पायडलला पुरेनात. मग वडिलांनी हा ठोकळा केला, पायडलवर बांधला आणि म्हणाले, आता पुरतात. शाळा सुटली ती सुटलीच." त्यांनी झिजलेल्या जागेवर अंगठा ठेवला. तिथे लहान टाचेएवढा खळगा होता. "चौकात एक माणूस शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मला ते व्हायचं होतं. मोकळ्या हवेत काम, रोज नवं नाव. मला या यंत्राचा आवाजसुद्धा आवडायचा नाही रे. जन्मभर नाही आवडला."

मग मास्तर म्हणाला, "पण नाना, रोज सकाळी तुम्ही इथे दार लावून बसता..."

"शब्दकोडं सोडवायला. घरात दुसरीकडे कुठे शांतता आहे का? इथे बसलो की तुम्ही सगळे चवड्यांवर चालता. मी म्हटलं, छान आहे."

"आणि तेल?"

"तुम्ही तीन घरं एवढ्या मानानं ओढत आणलंत हे. तुझी कंबर कामातून गेली. मला वाटलं, पोरांना अभिमान आहे वाडवडलांच्या धंद्याचा, आपण निदान तेल तरी घालावं. उगाच तुमचं मन कशाला मोडा?"

"आमचं मन!" धाकट्यानं डोक्याला हात लावला. "अहो, यंत्र मोडलं त्या रात्री तुम्ही जेवला नव्हतात!"

"दोन मित्रांबरोबर बाहेर खाऊन आलो होतो," नाना म्हणाले. मग जरा ओशाळून म्हणाले, "आइस्क्रीमसुद्धा खाल्लं."

पहिल्यांदा आत्याबाई हसल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, धाकटा त्यांची पाठ थोपटायला गेला आणि तोच हसू लागला. मास्तर कंबरेवर दोन्ही हात ठेवून, तीन घरांचे जिने आठवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. पारखीही हसला. आता कुजबुजायचं कारण राहिलं नाही हे कळून तो मोठ्यानं हसला. थोरलीला वाटलं, छातीवरची शिळाच कुणी उतरवून ठेवली. किती वर्षं आपण सगळे एकमेकांसाठी हे ओझं वाहत होतो, आणि ते कुणालाच नको होतं! तिला हसावं की रागवावं कळेना, पण जीव मात्र हलका झाला.

"या ठोकळ्याचे मी सगळ्यात जास्त देईन," पारखी म्हणाला. "असा दुसरा नसेल."

"फुकट घ्या," नाना म्हणाले. "पण न्या."

"फुकट कशाला?" आत्याबाईंनी लगेच पदर खोचला. "तुम्ही बोला हो, काय देताय? दादा, तू गप्प बस, तुला व्यवहार कळत नाही."

त्यांची घासाघीस सुरू झाली तसे नाना सुनेजवळ आले. "मला विचारायची एवढी भीती वाटली तुला?"

"तुमची नाही, नाना. तुम्हाला वाईट वाटेल, याची वाटली."

"हं," नाना म्हणाले. "या घरात सगळ्यांनाच तो रोग आहे. जा, विहीणबाईंना फोन लाव. आत्ता, माझ्यासमोर."

तिनं फोन स्पीकरवर लावला. आईनं उचलला, आणि नेहमीसारखं आधी विचारलं, "सगळं बरं आहे ना?"

"बरं आहे. आई, या रविवारी आम्ही तुला न्यायला येतोय. तळमजल्यावरची खोली आहे. उन्हाची आहे."

मग आई जपून जपून म्हणाली, "बरं. किती दिवसांसाठी यायचं, ते सांग. म्हणजे तेवढेच कपडे घेते. मोठी बॅग नाही आणत, तुमच्याकडे उगाच जागा अडते."

थोरलीनं फोन तसाच धरून नानांकडे बघितलं. नानांनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"विहीणबाई, मी बोलतोय. दिवस वगैरे काही नाही. सगळं घेऊन या."

"सगळं म्हणजे?"

"म्हणजे तुमचं जे जे असेल ते. मागे काही ठेवू नका."

मग आईचा आवाज आला, अगदी बारीक. "एक कपाट आहे माझं. पुतण्याच्या गॅलरीत पडून आहे. कुठे नेताच आलं नाही इतकी वर्षं. पण ते फार जड आहे हो."

नानांनी वळून मुलांकडे बघितलं. धाकट्यानं मान डोलावली, मास्तरनंही.

"तेच आधी पाठवा," नाना म्हणाले.

थोरली रिकाम्या होत चाललेल्या त्या खोलीत भिंतीला टेकून खाली बसली आणि सगळ्यांसमोर, तोंडाला पदर न लावता, मोठ्यानं रडली.